उतरती बोली

पेनीशच्या मासळीबाजारात बोली वरून खाली येते.
बाबांनी चाळीस वर्षं तेच केलं :
ऐंशी एकोणऐंशी अठ्ठ्याहत्तर सत्याहत्तर
एका श्वासात, तारलीच्या टोपल्यांवरून नजर न हलवता,
कुणीतरी गर्दीतून "चुई!" ओरडेपर्यंत.
चुई म्हणजे थांब. या भावाला माल माझा.

मार्चमध्ये दाढी करताना
एका गालावर फेस तसाच राहिला.

आता जेवताना ते म्हणतात,
"ते… पांढरं. ते आपलं… घामातलं."
आम्ही मीठ सरकवतो.
आई हात आडवा घालते. म्हणू दे त्याला.
सूप निवत जातं.

दवाखान्यातल्या बाई चित्रं दाखवतात.
चावी होती त्या दिवशी. बाई म्हणाल्या, "च… च…"
"चुई!" बाबा गरजले.
आम्ही का हसतोय ते बाईंना कळेना.
बाबा हसले नाहीत. चित्राकडे बघत राहिले.
कुठल्या खिळ्याला टांगायची, कुठल्या दाराला ती अडते,
सगळं ठाऊक होतं त्यांना,
नाव सोडून.

आकडे शाबूत आहेत. शिव्या तर धुऊन पुसून लख्ख.
वारही येतात, पण रविवारपासून निघाले तर;
गुरुवार मधेच हाती लागत नाही.

मीही लागत नाही.
मला बघून ते म्हणतात, "ही… ती… धाकटी… बादली."
मग कपाळ चोळतात, आणि वरून सुरू करतात :
अबीलियु. झुल्मिरा. एउरिकु. देल्फिना.
पोचले.

एउरिकु.
अकरा वर्षं या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.
होडीची एक फळी तेवढी सापडली होती, तीही
त्याच्याच होडीची की नाही, यावर काका अजून भांडतात.
त्याच्या वाढदिवसाला आई भांडी घासायला काढते, स्वच्छ असली तरी.
आता सकाळच्या कॉफीपासून चारदा, पाचदा,
माझ्यापर्यंत यायला त्याच्यावर पाय ठेवून यावं लागतं.

मी आडवाट शोधून पाहिली.
"दे…" मी सुचवलं, "दे…"
"देवा," बाबा म्हणाले, थकून.
बादलीच म्हणा ना, मी म्हटलं.
मी ओ देईन.

काल त्यांना मोजे हवे होते.
खुर्चीच्या हातावर बोट आपटत निघाले :
"अबीलियु. झुल्मिरा. एउरिकु"

"चुई."

आई. ओट्याकडे तोंड करून,
हातात अर्धा सोललेला बटाटा.

बाबांचं बोट हवेतच राहिलं.
चुई ऐकल्यावर पुढे मोजायचं नसतं,
हे त्यांना कुणी शिकवायला नको.
त्यांनी खुर्चीवर एकदा टक् केलं,
माल गेला म्हणताना करायचे तसं.

मला कुणी हाक मारली नव्हती.
मोजे दोरीवर होते, अजून ओलसर.
मी आणले.