मनसरा घर्ती, नऊ नंबर

अजनीच्या रेल्वे ग्राउंडवर मी फक्की मारतो.
रेषा सरळ असली म्हणून मॅच सरळ होते असं नाही,
वाकडी असली तं पोट्टे मलेच शिव्या देतात.

ती आली तवा एप्रिल अर्धा झाला होता,
डांबर नरम पडून राहिलं होतं.
लकी स्टार क्लबानं आणली, गोलामागं आठशे रुपये
अन् धंतोलीच्या हॉस्टेलात एक खाट.
बूट तांदळाच्या पिशवीत.
मले म्हणे, "दाइ, पानी?"
पोट्टे लोळून हासले.
तिच्याकडं दाइ म्हंजे मोठा भाऊ,
आपल्याकडं बाळंतीण सोडवणारी.
तवापासून पंचावन्न वर्षांचा हा रामटेके
सगळ्या ग्राउंडची दाई.

चेंडू तिनं कधी गुडघ्याच्या वर उचलला नाही.
गवत खाजवत जायचा,
गोलकीपर वाकेपर्यंत जाळी हालून बसलेली.
काहून गं, म्हटलं.
म्हणे, आमचं ग्राउंड म्हंजे धान कापलेलं वावर,
तुमच्या ओसरीहून जरासं रुंद.
चेंडू उडला की धुऱ्यावरून खाली,
नऊ पायऱ्या शेतं, मग नदी.
ज्यानं मारला त्यानंच आणाचा.
उतराले अर्धा तास, चढाले एक,
वरतं माय उभी: गवताचा भारा कोठी आहे?
"तुमच्या इथं भिंतीपलीकडं गेला
तं ऑटोवाला फेकून देते.
चुकण्याची किंमत तुमाले कशी समजंल, दाइ?"

चार सीझन.
क्लबच्या वहीत सत्तावीस गोल, ती म्हणे तीस.
तीन गोलांचे पैसे अजून बाकी आहेत.

एकदा काठावरून कोणी "ए मोमो" ओरडलं.
तिनं मान नाही फिरवली.
मॅच सुटल्यावर त्याच्याच फटफटीच्या सीटवर बसून
चिखलाचे बूट काढले,
सावकाश, एकेक लेस.

मग तिच्या देशाचा लाल शर्ट, मग फायनल, मग टायब्रेकर.
मी रोलरले टेकून भाच्याच्या मोबाइलवर पाहून राहिलो होतो.
ती धावली, अन् चित्र अडकलं.
नुसतं चक्र फिरे.
सुटलं तवा ती खाली बसलेली होती
अन् चेंडू वर.
पट्टीच्या वर, लोकायच्या वर,
कॅमेऱ्यालेही सापडंना.

पुढच्या सालात आली, गुडघ्याले पट्टा.
त्या गोष्टीचं नाव नाही काढलं, मीही नाही.
शेवटल्या मॅचनंतर ग्राउंड रिकामं झालं तवा म्हणे,
"दाइ, तो ठिपका जरा पांढरा कर."
मी गोलापासून बारा पावलं मोजली,
मूठभर फक्की टाकली.
तिनं चेंडू ठेवला, मागं गेली,
अन् असा हाणला बाप्पा,
पट्टीवरून, भिंतीवरून, निंबाच्या शेंड्यावरून
सायडिंगमधी उभ्या मालगाडीच्या डब्यात.
धप्प.
आम्ही दोघं आयकत उभे.
तेवढ्यात गाडीनं शिटी देल्ली
अन् कोळशासंगं आमचा चेंडू घेऊन इटारसीकडं निघाली.

ती हासली. मंग बसून हासली.
मंग जे झालं ते हासणं नव्हतं,
मी तोंड फिरवून पाइप गुंडाळत राहिलो.
जाताना सातशे रुपये हातात कोंबले, चेंडूचे.
मी म्हटलं, साडेपाचशेचा होता. आयकते का.

आता गावातच पोरी शिकवते.
वावराच्या खालच्या धुऱ्यावर जाळी बांधली, म्हणे,
उडवा किती उडवाचा तं.
दसऱ्याले फोन येते.
माह्या दम्याचं इचारते, रोलरचं इचारते,
क्लबानं तीन गोलांचे देल्ले का, इचारते.
अन् ठेवता ठेवता:
"दाइ, तो चेंडू आला का?"

मी म्हणतो,
गाडी लेट आहे.