खडा

मुंढव्याच्या प्लांटवर रात्रपाळी.
पीएच साडेआठ. अजून थोडा कॉस्टिक.
मग मॅग्नेशियम, बारीक धारेनं.
घाई केली की दाणा धरत नाही,
पाकासारखंच आहे ते.

वीस मिनिटांनी ढवळणी थांबवून टॉर्च मारते.
गढुळात काहीतरी लुकलुकतं, तळाशी बसतं:
अख्ख्या हडपसरनं सकाळी फ्लश केलेलं
आणि विसरलेलं.

मागे लोणकर फिटर, तोंडात बडीशेप.
"मॅडम, हाच दगड सतरा वर्षं
छिन्नीनं फोडलाय मी.
एल्बोत बसायचा, पंप रडवायचा.
पोत्यानं फेकला.
आता तुम्ही मुद्दाम बनवताय!"

मग खिशातून होमिओपॅथीची बाटली काढतो.
आत त्याचा स्वतःचा खडा,
ससूनमध्ये काढलेला.
मी दोन्ही भिंगाखाली ठेवते, शेजारी शेजारी.
शहराचा कुठला, लोणकरचा कुठला,
पटकन सांगता येत नाही.
तो हरखतो,
लग्नात अचानक नातं निघावं तसा.

बाहेर पुलाखाली जलपर्णी,
या काठापासून त्या काठापर्यंत,
आमच्या हातून निसटलेलं खाऊन हिरवीगार.
आज अडवलं ते साडेचार किलो.
चाळणीवर वाळतंय. पांढरं. वास नाही.

उजाडताना लोणकर विचारतो,
मूठभर नेऊ का, दोडक्याला?
बायकोला सांगणार नाही कशाचं ते.
मी वहीत लिहिते: नमुना, एक मूठ.
मग बाटलीकडे बोट दाखवते, हाही टाकायचा का?

तो बाटली खिशात सारतो.
"हा नाही. याच्यासाठी लई ओरडलोय मी."