तळाचं बूच

मुर्गाबला पारा उणे छत्तिसाखाली गेला
की ऑइल ऑइल राहत नाही.
डिपस्टिक ओढावी तर काकवीसारखी तार धरून येतं
आणि तारेतून थेंब सुटत नाही.

बाबांची उआझ. साल त्र्याऐंशी.
किलोमीटरच्या काट्याला पाचच घरं.
दोनदा तो नव्याण्णव हजारांवरून शून्यावर आला,
तिसऱ्यांदा ४१,२०७ वर अडकला
आणि तेव्हापासून आमची गाडी म्हातारी व्हायची थांबली.

मग बाबा फेऱ्या मोजत.
खोरोगच्या सहा फेऱ्या झाल्या की ऑइल बदलायचं,
वहीत पेन्सिलीने एक आडवी रेघ.

हिवाळ्यात पहाटे ते याकच्या गोवऱ्यांचा निखार
घमेल्यात घेऊन गाडीखाली सरपटत जात,
बाळंतिणीला देतात तसा चेंबरला शेक देत
आणि पत्र्याला कान लावून पडून राहत.
"ऐक, आत पातळ झालं की आवाज बदलतो."
मला कधीच काही ऐकू आलं नाही.
मी हो म्हणायची.

सुयुनबेक ओशहून सिंथेटिकचा कॅन घेऊन आला.
मधाचा रंग, दोन मेंढ्यांची किंमत.
"हे उणे चाळिसातही वाहतं, बाबा."
बाबांनी झाकण उघडून वास घेतला, परत लावलं.
"वाहतं ना. तेच तर.
जुन्या इंजिनाच्या फटी जाड ऑइलनं, काजळीनं बुजलेल्या असतात.
हे आत जाईल आणि घरातलं सगळं चव्हाट्यावर आणेल."
कॅन फळीवर गेला. बोलणं तिथंच संपलं.

शेवटची रेघ ४ सप्टेंबरची.
नोव्हेंबरात बाबा गेले.

त्यांनी भरलेलं ऑइल मी काढलं नाही.
सहा फेऱ्या झाल्या. आठ झाल्या.
अकराव्या फेरीला कोयतेझेकच्या चढावर
लाल दिवा एकदा लुकलुकला.
सुयुनबेकनं फक्त रेडिओ बंद केला,
आणि उतार लागेपर्यंत आम्ही दोघं
इंजिन ऐकत राहिलो.

घरी येऊन मी सतराचा पाना घेतला.
बूच सुटलं. काळं, कोमट, भसकन बादलीत.
बोटांत चोळलं तर बारीक कचकच.
ओरडले असते मला: ही आठवण नव्हे गं, ही घाण आहे.

बुचाच्या आतल्या टोकाला
त्यांनी फुटक्या स्पीकरचं चुंबक बसवलं होतं.
त्यावर लोखंडाची लव उगवलेली,
उंदराच्या पाठीसारखी मऊ.
पुसायला फडकं शोधताना
फळीवर, कॅनच्या मागे, सापडल्या काडेपेट्या.
एकोणतीस. प्रत्येकीवर तारीख.
प्रत्येकीत त्या त्या सहा फेऱ्यांचा चिमूटभर कीस.

क्रमानं मांडल्या, तळहातावर तोलून पाहिल्या.
सुरुवातीच्या जवळजवळ रिकाम्या.
शेवटच्या तीन जड.

म्हणजे माहीत होतं त्यांना.
तरी पावण्यांना सांगत: हिला काय धाड भरलीय,
ही मला पोहोचवून येईल.

तिसावी पेटी मी भरली. वर तारीख घातली.
मग सुयुनबेकचा कॅन उघडला,
पाच लिटर आणि वर थोडं.

बाबांचं खरं झालं.
तिसऱ्या दिवशी मागच्या बाजूला बर्फावर डाग,
नाण्याएवढा, मग बशीएवढा.
आता खाली डबा ठेवते, सकाळी मोजते,
जेवढं सांडलं तेवढं वरून घालते.

सुयुनबेकचंही खरं झालं.
आज उणे एकोणचाळीस. किल्ली फिरवली,
एकदा खाकरली आणि सुरू झाली.

दारात आई उभी होती.
हातात घमेलं, निखाऱ्यांनी भरलेलं.
गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि कुठं ठेवावं ते न कळून
तशीच उभी राहिली.