खुंट

ओरोसच्या इस्पितळात, गोळ्यांच्या खिडकीशेजारी
शाहीन मुकादम बसतात.
दर महिन्याला डबी हलवून विचारतात, किती उरल्या.
ह्या खेपेला मीच विचारलं,
सात वर्षं गिळतोय, पण विचारलं नव्हतं :
बाई, तो आत शिरला कसा?

त्यांनी केसपेपर पालथा घातला.
कोऱ्या बाजूवर एक गोल काढला, गोलात गोल.
आतल्या गोलाला दारं असतात, म्हणाल्या,
आणि दारावर आपलीच माणसं.
त्याच्याकडे पत्ता नसतो, न्हानू,
कात्री असते फक्त.
पेशीतलंच एक प्रथिन, रोजच्या कामावरचं,
त्याचा हात धरतं
आणि नेऊन सोडतं
जिथे वाचन चालू आहे, दिवा लागलेला आहे, तिथे.

म्हणजे जिथे रस चालू, मी म्हटलं.

त्या थांबल्या.
त्यांना काय ठाऊक, मी वेंगुर्ल्यात
चाळीस आषाढ कोयकलमं बांधली.
पंधरा दिवसांचं रायवळ रोप, तांबूस,
कोय अजून बुडाला चिकटलेली.
शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची,
हापूसची काडी दोन्ही अंगांनी तासून
पाचरीसारखी बसवायची, पट्टी आवळायची.
माझं काम इथे संपतं.
जखम खुंट भरतो.
परक्या काडीला खालून पाणी चढवतो.

तस्संच, म्हणाल्या त्या. कापतो तो,
शिवणारे आपले.
टाके इतके साफ
की पेशी एकाची दोन झाली
तर दोन्हींत तो.

आणि गोळी?
गोळी नवीन बांधू देत नाही.
बांधलेली राहतात.
काही तर डोळे मिटून, वर्षानुवर्षं.

कुडाळ सुटल्यावर एसटीत
मी मनगट उलटं करून बघत बसलो.
राग कुणाचा करायचा?
तो दारावरचा जन्मभर माझ्याच चाकरीत.
त्या दिवशीही कामावरच होता.

घरी सुगंधाने पेज वाढली.
तिचा रिपोर्ट यंदाही निल.
नऊला गोळी घेतली, बॅटरी घेतली,
मागीलदारी यंदाची तीनशे रोपं बघायला गेलो.
पाच-सहा खुंटांनी काडी धरली नव्हती,
वरून काळी, खालून हिरवीगार.
असली मी उपटून गडग्यापलीकडे टाकतो.

ह्या वर्षी पाणी घातलं.