डुक्कर फियाट

अक्काची पॉलिसी पिकली तेव्हा
तिनं पाटल्या केल्या नाहीत, काशीला गेली नाही.
फोन करून म्हणाली,
"भैरू, निपाणीला चल. गाडी बघून येऊ."
कुठली ते विचारावं लागलं नाही.

तंबाखूच्या वखारीमागं, रिकाम्या पोत्यांखाली
नाक खुपसून बसली होती.
चारी चाकं मातीत, मागच्या सीटवर कोंबडीची अंडी.
मालकाचा नातू म्हणाला, "जुनी चीज आहे, कमी होणार नाही."
अक्कानं बॉनेटवरून तळवा फिरवला,
डाव्या दिव्याखालच्या पोच्यापाशी थांबली.
"हा तुझा. बादली आपटलीस ती."
साठ हजार मागितले, साठ हजार दिले.

बाहेरून पाठ होती आम्हाला.
बाबा चालवायचे, आम्ही धुवायचो,
रविवारी, चार आण्यांत दोघं.
आत बसायचं नाही, असं कुणी बजावलं नव्हतं;
विहिरीत वाकू नये तसंच ते.
पुढची दारं उलटी उघडायची
आणि त्या फटीतून यायचा
तंबाखू, रेक्झिन आणि बाबांच्या घामाचा एकच वास.
आळीपाळीनं हुंगायचो. अक्का दोनदा, कारण मोठी.

टेम्पोमागं दोर बांधून बेळगावात आणली.
दस्तगीर मिस्त्रीनं बॉनेट उचललं,
बराच वेळ गप्प राहिला,
मग कानडीत स्वतःशी काहीतरी पुटपुटला
आणि तीन चहा सांगितले.
"काय म्हणाले?"
"माझ्या लग्नाआधीच मेलीय, म्हणतोय," अक्का हसली.

अकरा महिने.
रिंगा कोल्हापूरच्या भंगारात मिळाल्या,
बुश उद्यमबागेत लेथवर काढून घेतलं, तेही दोनदा,
पहिलं अक्कानं माप चुकीचं सांगितलं म्हणून
(ती अजून म्हणते, मी चुकीचं ऐकलं).
रंगावरून आठवडाभर अबोला.
"काय करूलालास रे, पाना उलटा धरूलालास!"
साठी उलटलेली बाई, गाडीखाली आडवी,
बाहेर फक्त चपला.
नंबरप्लेट घासली तर खाली थरावर थर,
इंग्रजी आकडे, त्याखाली कानडी, त्याखाली आपले.
नंबर एकच.
मिस्त्री म्हणाला, कुठला ठेवू?
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
"आरटीओ म्हणेल तो," अक्का म्हणाली, आणि परत खाली गेली.

सगळं सुटलं, फक्त आरसा सुटेना.
गंजून एकाच कोनात बसलेला,
बाबा गेले त्या महिन्यात गाडी वखारीत ढकलली, तेव्हापासून.
मी बसलो तर त्यात नुसतं छत दिसायचं.
दस्तगीरनं तेलाचा डबा आणला, पक्कड आणली.
"थांब," अक्का म्हणाली,
उलटं दार उघडून आत बसली,
बसली म्हणजे, पहिल्यांदाच,
आणि मान न हलवता समोर बघत राहिली.
आरशात मागचा रस्ता नीट होता,
पानपट्टी, सायकल दुरुस्तीवाला, दोन बकऱ्या.
बाबांची उंची माझ्यात आली नाही, तिच्यात आली,
हे कधी लक्षातच आलं नव्हतं.
"असू दे," ती म्हणाली.
दस्तगीरनं पक्कड खिशात टाकली.

वंटमुरीच्या चढावर तिसरा गिअर अजून उडतो.
मागनं संकेश्वरचे ट्रक हॉर्न मारतात.
ती चालवते तेव्हा ताठ बसते.
मी चालवतो तेव्हा
मान वाकवून बघतो.