मोरस

मसूरच्या जुन्या तालमीवर, दोन खोल्यांत
हिंदुराव मास्तरांनी एक बेट मांडून ठेवलंय.
तिकीट नाही. चपला जिन्याखाली.
ट्यूबलाइट पेटायला वेळ घेते,
तोवर मास्तर बोलत असतात.

भिंतीवर पोस्टर कलरचा समुद्र,
त्यात बाजरीच्या दाण्याएवढं बेट.
"एवढ्यासाठी ब्रश बदलावा लागला,"
म्हणतात, चाळीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेल्या आवाजात.

काचेखाली ऊसतोडीचा कोयता,
आपल्याहून लांब पात्याचा.
पत्र्याचा बिल्ला, आकडा झिजलेला.
गोऱ्या मालकाची हिशेबवही :
तांदूळ, डाळ, मीठ, तेल,
आणि एक दिवस खाडा, की दोन दिवसांचा पगार कापला.

मग एक झेरॉक्स.
गेणू बिन राघू. वय बावीस.
उंची पाच फूट एक.
डाव्या भुवईवर जखमेची खूण.
मुक्काम मुसूर, जिल्हा सत्तारा.
जवळचा नातलग : कोणी नाही.

राघूचा धाकटा, आमचा खापरपणजा,
तेव्हा आठ-नऊ वर्षांचा तरी असेल.
कोणी नाही,
हे गेणूनंच सांगितलं?
की कारकुनानं विचारलंच नाही,
मागं रांग मोठी होती म्हणून?

आमच्यात त्याला 'मोरसला गेलेला' म्हणतात.
आत्या दुकानात मोरस मागायची, पावशेर,
पुडीत पांढरी साखर यायची.
मला वाटायचं, माणूस साखरेत गेला.
विरघळला असेल.

"हा कागद तिकडच्या बाईंनी पाठवला," मास्तर सांगतात.
"मराठी तुटक येतं. आडनाव गेनू."
आडनाव?
"हो. तिच्या पोराची शाळेत हजेरी घेतात
तेव्हा रोज तुमच्या गेणूला हाक बसते."

खाली रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या,
एकीवर, मोळ्यांच्या वर, बीडकडची एक पोरगी झोपलेली.
मास्तरांनी खिडकी लावून घेतली. धूळ फार येते.

कागदाच्या तळाशी तिरक्या अक्षरात
मृत्यूची तारीख. ताप.
तिथी ठाऊक नव्हती म्हणून आम्ही त्याला
सर्वपित्रीला वाढतो, सगळ्यांच्या शेवटी,
भाताची एक मूद, नाव न घेता.
आता निघेल तिथी.

जिन्यातूनच गुरुजींना फोन लावला.
"गेला किती वाजता?"
वेळ लिहिलेली नाही.
"मग उगवतीची धरू."
म्हटलं, गुरुजी, कुठली उगवती?
तिथं आपल्यामागून तासाभरानं उजाडतं.

पलीकडून बराच वेळ
नुसती पंचांगाची पानं वाजत राहिली.