आठ वाजताची वाफ

उणे एकतीस.
मूस जॉच्या त्या गल्लीत सगळी घरं
भिंतीतल्या भोकांतून उच्छ्वास सोडत होती.
ओपल डिकच्या घराची झडप तेवढी
बर्फात अर्धवट मिटलेली.

फोन तिनं केला नव्हता.
केला होता समोरच्या अर्विन साबोनं.
"तिच्या ड्रायरचं काहीतरी बिनसलंय," म्हणाला,
"पैसे मी देईन. माझं नाव काढू नकोस."

बावीस वर्षं मी लोकांच्या घरांचे नाक साफ करतो.
त्यांना वाटतं, जाळीवरची लव काढली की झालं.
अहो, जाळी म्हणजे नुसता उंबरठा.
खरी गोष्ट पुढे, अंधारात, दोन वळणं घेऊन.
विचारलं नाहीत तरी सांगतो:
प्लॅस्टिकचा नळा असेल तर आजच काढा,
सांध्यात लांब स्क्रू ठोकू नका, टोकांना लव अडकते,
आणि एका फेरीत कपडे वाळेनासे झाले
की यंत्राला शिव्या घालण्याआधी
बाहेर जाऊन झडपेसमोर हात धरा.

मी धरला.
तान्ह्या बाळाची फुंकरसुद्धा याहून जोरात असते.

तळघरात ड्रायर पुढे ओढला, प्लग काढला,
ड्रिलला लांब ब्रश लावून पाइपात सोडला
आणि बाहेर आलं ते हिरवं.

हिरवं!
कसल्याही रंगाचे कपडे धुवा, लव शेवटी राखाडीच निघते,
लाल स्वेटर, निळी जीन, कुत्र्याचे केस,
सगळ्यांचं मिळून एक ढगाळ आभाळ.
इथे मात्र तळ्यातलं शेवाळ निघत राहावं तसं
ओंजळी ओंजळींनी, नुसतं हिरवं.
बादली भरली. दाबली. पुन्हा भरली.
कोपऱ्यापाशी एक थर करपून तपकिरी झालेला;
तो मी तिला दाखवला,
तिनं चष्मा लावून पाहिला
आणि चष्मा काढून ठेवला.

ड्रममध्ये एकच टॉवेल होता.
उजेडात धरला तर पलीकडचा बल्ब मोजता यावा
इतका विरलेला.

"एवढाच?"

"तीन हिवाळ्यांपूर्वी मी पायरीवरून घसरले," ती म्हणाली.
"तेव्हापासून हा रोज सकाळी दार बडवायचा.
मी उठायचं, गुडघे गोळा करायचे, दार उघडायचं,
तर हा विचारणार, बरी आहेस ना?
शेवटी म्हटलं, बाबा रे, तू तुझ्या खिडकीत कॉफी पी.
आठ वाजता वाफ दिसली, तर मी आहे.
नाही दिसली, तर किल्ली पक्ष्यांच्या दाण्याच्या डब्यात."

म्हणजे रोज आठला टॉवेल ओला करायचा,
रोज वाळवायचा,
आणि रोज त्याचा थोडा थोडा भाग
भिंतीत राहायला जायचा.
अर्धा टॉवेल आता माझ्या बादलीत होता.

धातूचा नवा पाइप टाकला, आखूड आणि सरळ,
सांध्यांना अॅल्युमिनियमची पट्टी.
झडपेवरचा बर्फ अंगठ्यानं फोडला.
तिनं टॉवेल भिजवला, पिळला, आत टाकला.

बाहेर वारा नव्हता.
वाफ निघाली ती पांढरी, जाड, सरळ वर,
छपराच्याही वर.
घड्याळात अकरा झाले होते,
पण समोरच्या खिडकीत आत्ता कुठे आठ वाजले.
पडद्याआड एक कप वर गेला.
मी बूट झटकत राहिलो, काही पाहिलं नाही.

ती पाकीट घेऊन आली. "अर्विनला बोलू नकोस,
त्याला वाटेल मला जड जातंय."
पैसे घेतलेच नाहीत असं लिहिणं शोभलं असतं.
दोघांकडून निम्मे निम्मे घेतले.

बादली अजून गाडीत, मागच्या सीटवर आहे.
रिकामी करायची आहे.
कचऱ्याचा ट्रक मंगळवारी येतो.
तसे दोन मंगळवार गेलेत.